गाडी कुणाच्या वेळेनं चालते?

  हातात काम असेल तर चालू ठेवा. डाळ निवडता निवडता ऐकण्यासारखीच गोष्ट आहे.

आज कर्जाच्या हप्त्याचा विषय नाही, पापड-मसाल्याचाही नाही. आज विषय आहे गाडीचा. आपल्या गावात येणारी एसटी, तिची वेळ आणि तिचा रस्ता. ती वेळ कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि त्यात बायांचं म्हणणं कुठून घालायचं, हे आम्ही जसं शिकलो तसं सांगणार आहोत.

आम्ही म्हणजे घाटावरच्या तीन शेजारी गावांतल्या गटांच्या बाया. गावांची नावं सांगत नाही. ऐकताना तुम्हाला आपलंच गाव आहे असं वाटलं तर बरंच आहे.

सुरुवात झाली ती गटाच्या महिन्याच्या बैठकीत. बचत जमा करताना एक ताई गप्प गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "पोरीचं कॉलेज बंद केलं. तिचे बाबा म्हणतात, बस झालं आता." पोरगी हुशार, अकरावीत. काही बरंवाईट घडलं होतं का? नाही. काहीच घडलं नव्हतं. कॉलेज सुटायचं पाचला आणि आमच्या गावाकडची शेवटची गाडी तालुक्याच्या स्टँडवरून निघायची साडेचारला. पोरीच्या पिशवीत एसटीचा पास होता. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना पास फुकट मिळतो, तुम्हाला माहीतच आहे. पण पास दाखवायचा कुणाला? गाडी तर निघून गेलेली. मग काळी-पिवळीत दाटीवाटीनं फाट्यापर्यंत यायचं आणि फाट्यापासून तीन किलोमीटर पायी. पावसाळ्यात ओढा, दिवाळीनंतर अंधार. अशा पाच पोरी होत्या. त्यातल्या दोन घरी बसल्या.

दोन पोरींचं शिक्षण कशापायी थांबलं? अर्ध्या तासापायी. त्या दिवशी बैठकीत कर्जाचं बोलणं बाजूलाच राहिलं.

आम्ही ठरवलं, आगारात जायचं. अर्ज लिहिला, "आमच्या गावाला संध्याकाळची गाडी द्यावी." खाली सह्या, अंगठे. सात-आठ जणी गेलो. तिथले साहेब चांगलं बोलले, बसा म्हणाले, पाणी दिलं. मग म्हणाले, "ताई, तुमच्या मार्गावरचं भारमान बघा. गाडी निम्मी रिकामी येते. आणखी एक फेरी कशी देऊ?"

भारमान हा शब्द तेव्हा आम्हाला नवा होता. गाडीत जेवढ्या जागा, त्यातल्या किती भरल्या, त्याचा तो हिशोब. वाहकाच्या हातातल्या मशीनमधून जेवढी तिकिटं निघतात, त्यावरून कुठल्या फेरीला किती माणसं होती, किती पैसा आला, हे आगाराला कळतं. डिझेल, चालक-वाहकाचा पगार, गाडीची झीज, हे सगळं त्याच हिशोबात बसवायचं असतं.

आम्ही रागारागानं बाहेर पडलो. "आपल्या गावात माणसं नाहीत का काय?" असं बोलत बोलत फाट्याकडे जाणाऱ्या काळी-पिवळीत बसलो. गाडी चालू झाली. थोड्या वेळानं आमच्यातली एक मावशी, शाळेचं तोंड न पाहिलेली, हळूच म्हणाली, "काय वो, आपण एसटी मागाले आलो होतो ना? मंग आता कशात बसलो?"

सगळ्या हसल्या. हसणं थांबल्यावर मात्र कुणी बोललं नाही, कारण मावशीनं दुखत्या जागेवर बोट ठेवलं होतं. त्या काळी-पिवळीत आम्ही खच्चून भरलो होतो. पण आमचं एकीचंही तिकीट कुठल्या मशीनमधून निघालं नव्हतं. आगाराच्या हिशोबात त्या दिवशी आमच्या गावातली एकही बाई तालुक्याला गेली नव्हती.

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि आमचंही नव्हतं. गाडी आमच्या वेळेला येत नाही म्हणून आम्ही बसत नाही. आम्ही बसत नाही म्हणून गाडी रिकामी जाते. रिकामी जाते म्हणून वेळ बदलत नाही. बैल घाण्याला फिरतो तसं हे चक्र आहे. ते तोडायचं तर कुणीतरी आधी मोजायला हवं, की न बसलेल्या बाया किती आणि त्या का बसल्या नाहीत.

मैत्रिणींनो, आजची मुख्य गोष्ट हीच आहे. वाहतुकीचं नियोजन करणारा माणूस जे मोजलं गेलं तेच बघतो. गाडीत बसलेला प्रवासी मोजला जातो. पायी गेलेली, जीपच्या मागं लटकलेली आणि गाडी नाही म्हणून घरीच राहिलेली बाई मोजली जात नाही. तिसरी तर सगळ्यात जास्त हरवते. ती रस्त्यावर दिसतच नाही.

हे आपल्याच गावाचं आहे असं समजू नका. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला किती लांब आणि कशानं जातात याचे आकडे निघाले. पण ते कुणाचे? शेती, शेतमजुरी आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणाऱ्यांचे. आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बाया कुठं काम करतात? वावरात. म्हणजे निंदायला, वेचायला रोज तीन-चार किलोमीटर चालणारी बाई त्या तक्त्यात नाहीच.

मोठ्या शहरांत हे काम वेगळ्या तऱ्हेनं होतं. मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी घरोघर जाऊन विचारलं होतं, की घरात माणसं किती, कोण कुठं जातं, कशानं जातं, किती वेळ लागतो. पुढं कुठं रस्ता, कुठं मेट्रो, याचा विचार अशा माहितीवर होतो. आपल्या वाडीवस्तीवर वही घेऊन असं कुणी येईल याची वाट बघत बसलो तर पोरी म्हाताऱ्या होतील. आपली वही आपणच काढायची.

अजून एक दूरची गोष्ट सांगतो. स्वीडन देशात कार्ल्सकोगा नावाचं एक गाव आहे. तिथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतं. आधी मोठ्या रस्त्यांवरचं बर्फ काढायचे, पायवाटांची पाळी शेवटी. कुणी म्हटलं, बर्फाचा आणि बाया-पुरुषांचा काय संबंध? तपासलं तेव्हा दिसलं, की मोटारी जास्त करून पुरुष चालवतात आणि पायी जास्त करून बाया चालतात, हातात लेकरू, पिशवी घेऊन. मग त्यांनी क्रम बदलला. पायवाटा आधी, मोठे रस्ते नंतर. जादा खर्च न करता नुसता क्रम बदलून काम झालं. आपल्याकडे बर्फ नाही, चिखल आहे. पण प्रश्न तोच, की कुणाचा रस्ता आधी?

तर आम्ही वही काढली. शंभर पानी, दुरेघी. प्रत्येक गटातल्या एकीनं आपल्या दहा-बारा घरांचं लिहायचं असं ठरवलं. पंधरा दिवस लिहिलं. रकाने साधेच होते. कोण गेलं, बाई की पुरुष, वय साधारण किती. कुठं गेलं, कशासाठी. किती वाजता निघालं, किती वाजता परतलं. कशानं गेलं, किती पैसे लागले. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा होता, "जायचं होतं पण गेलो नाही, का?"

त्या शेवटच्या रकान्यानं आमचे डोळे उघडले. "दवाखान्यात बीपीची गोळी आणायची होती, परतीची गाडी नाही." "बँकेत केवायसीला बोलावलं होतं, रोज बुडाला असता." "माहेरी आई आजारी, मुक्काम पडला असता." "सोनोग्राफीची तारीख होती, जीपवाल्यानं सीट भरेपर्यंत थांबवलं, उशीर झाला." अशा ओळींनी पानं भरली.

दुसरी गोष्टही दिसली. पुरुषाचा प्रवास सरळ असतो. मोटरसायकलला किक मारली, गेला, काम केलं, आला. बाईचा प्रवास असा नसतो. ती एका फेरीत लेकराला अंगणवाडीत सोडते, राशनची चौकशी करते, बँकेत रांग लावते, दवाखाना करते, बाजार करते आणि पाण्याच्या वेळेला घरी हजर असते. मधली एक गाडी चुकली की तिची सगळी साखळी तुटते.

वही झाली. आम्हाला वाटलं, आता काम झालंच. साडेचारची गाडी सव्वापाचला करा, एवढंच मागायचं होतं. तोच पहिल्या वळणावरच्या गावातून निरोप आला, "तुमच्या पोरींसाठी आमच्या बायांनी ताटकळायचं का?"

त्या गावच्या बाया तालुक्याला कामाला जातात. चारला सुटतात. साडेचारच्या गाडीनं घरी येतात, लेकरं घ्यायची असतात, चूल पेटवायची असते. गाडी पाऊण तास पुढं गेली तर त्यांचा पाऊण तास जाणार. त्यांचं चूक होतं का? अजिबात नाही. आम्ही वहीत आमचीच तीन गावं लिहिली होती. गाडी मात्र आणखी गावांची होती.

नियोजन म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. एका गावापुरतं मागितलं तर ती मागणी झाली. गाडीच्या सगळ्या रस्त्याचा विचार करून मागितलं तर ते नियोजन झालं. एक गाडी सकाळी शाळेच्या फेरीला जाते, दुपारी दुसऱ्या मार्गावर, संध्याकाळी तिसऱ्या. तिची एक वेळ हलवली की मागच्या-पुढच्या सगळ्या हलतात.

म्हणून त्या गावच्या मारुतीच्या पारावर सगळ्या मिळून बसलो. पहिल्या दिवशी भांडणंच झाली. "तुमच्या पोरी, तुमच्या पोरी" आणि "तुमचा रोज, तुमचा रोज." दुसऱ्या बैठकीला आम्ही स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून नेलं. त्यात एका कामगार ताईला दिसलं, की चार वाजून गेल्यावर एक लांब पल्ल्याची गाडी त्यांच्या फाट्यावरूनच जाते, पण तिथं थांबत नाही. ती थांबली तर? मग त्यांना साडेचारच्या गाडीची गरज उरत नाही आणि ती गाडी सव्वापाचला निघायला मोकळी होते.

एसटीत याला विनंती थांबा म्हणतात. नवी गाडी नाही, नवा चालक नाही, डिझेलही फारसं नाही. एक थांबा आणि एका वेळेची अदलाबदल. आम्ही तिघं गावं आणि ते चौथं, असा एकच अर्ज तयार झाला.

आता अर्ज कसा चालवला तेही सांगतो, कारण इथंच पुष्कळ गट थकतात.

आधी महिला सभा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यातच तसं आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते, तुम्हालाही ठाऊक आहे. आम्ही ती खरोखर बसवली. गाडीचा ठराव महिला सभेत केला, मग तो ग्रामसभेपुढं ठेवायला लावला. ग्रामसभेत काही जण म्हणाले, "आधी सिमेंट रस्ता, गाडीचं नंतर पाहू." आम्ही वही उघडून शेवटचा रकाना वाचून दाखवला. सोनोग्राफीची ओळ ऐकल्यावर सभा शांत झाली. चारही गावांत ठराव झाले. आज महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. सरपंच बाई असेल तर तिला एकटीला पुढं करू नका, तिच्या मागं उभ्या राहा.

मग अर्ज. आगार व्यवस्थापकांच्या नावानं, प्रत विभाग नियंत्रकांना. सोबत चार ठरावांच्या प्रती आणि वहीतली एकाच पानावर काढलेली बेरीज, कुठल्या वेळेला कुठून कुठं साधारण किती प्रवासी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तारीख आणि शिक्का. पोच नाही तर अर्ज नाही, हे गटाच्या दप्तरात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

उत्तर लगेच आलं नाही. आम्ही दर पंधरा दिवसांनी दोघी-दोघी जायचो. रोज बुडायचा म्हणून पाळी लावली होती. २०२४ पासून एसटीनं 'प्रवासी राजा दिन' सुरू केला आहे. त्यात विभाग नियंत्रक स्वतः आगारात येऊन प्रवाशांचं ऐकून घेतात. तुमच्या आगारात तो कधी असतो ते स्टँडवर विचारा आणि अर्ज घेऊन जा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो. आणि कुठंच उत्तर नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही दहा रुपये नाहीत. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, पण अर्ज लिहून तयार ठेवला होता.

अखेर गाडी सव्वापाचला झाली, आधी तात्पुरती. थांबाही मिळाला. साहेब म्हणाले, "आता भारमान दाखवा." म्हणजे गोष्ट आमच्याकडे आली.

हा भाग अवघड होता. काळी-पिवळी चालवणारी पोरं आमच्याच गावातली, कुणाचा पुतण्या, कुणाचा जावई. त्यांचं पोट त्यावर आहे. अडीअडचणीला रात्री दवाखान्यात तीच नेतात. त्यांच्याशी बोललो. बाजाराचा दिवस, लग्नकार्य, दुपारच्या फेऱ्या तुमच्या. संध्याकाळच्या या एका गाडीला मात्र आम्ही एसटीतच बसणार. एक जण रुसला, बाकीच्यांनी ऐकलं.

आणि तिकीट. मैत्रिणींनो, तिकीट घेतल्याशिवाय उतरू नका. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. उरलेली अर्धी रक्कम सरकार एसटीला देतं. म्हणजे अर्ध्या तिकिटातली बाई हिशोबात पूर्ण प्रवासी असते. पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे. त्यांनाही शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. आजीला सांगा, "फुकट आहे तर कागद कशाला?" असं म्हणू नको. तो कागदच सांगतो, की तू गाडीत होतीस.

आता शेवट काय झाला ते खरं खरं सांगतो. घरी बसलेल्या दोन पोरींपैकी एक परत कॉलेजात गेली. दुसरीचं तोवर लग्न ठरलं होतं. गाडी चालू झाली तेव्हा ती सासरी होती. तिची आई अजून गटात आहे. त्या दिवशी पहिल्या सव्वापाचच्या गाडीतून चार पोरी उतरल्या, तेव्हा ती फाटकापाशी उभी होती. काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. एक अर्ज वर्षभर आधी केला असता तर, हे तिला सांगायची गरज नव्हती.

सगळं झालं असं नाही. सकाळची गाडी अजून उशिरा येते. रात्रीची मुक्कामी गाडी मागितली आहे. मुक्कामी गाडी म्हणजे पहाटे पहिली गाडी आपल्याच गावातून निघणार, दवाखाना असो की बाजार. पण त्यासाठी चालक-वाहकांना झोपायला खोली, दिवा, पाणी, संडास गावानं द्यायला हवा. आपण त्यांना पाहुण्यासारखं ठेवलं तर गाडी मुक्कामाला राहते. खोलीची साफसफाई आमच्या एका गटानं अंगावर घेतली आहे. संडासाचं काम पंचायतीच्या आराखड्यात घातलं आहे. बघू.

हे झालं गावाचं. आता जरा जिल्ह्याकडे पाहू, कारण गाव एकटं नसतं.

आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके. एसटीची आगारं सात. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर आणि जळगाव जामोद. म्हणजे देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मोताळा, नांदुरा आणि संग्रामपूर या सहा तालुक्यांना स्वतःचं आगार नाही. त्या तालुक्यांतल्या ताईंनो, तुमच्या मार्गावरची गाडी कुठल्या आगाराची आहे ते आधी वाहकाला विचारा. अर्ज चुकीच्या दारात दिला तर तो तिथंच पडून राहतो.

रेल्वेचं पाहा. मुंबई-नागपूर रेल्वे घाटाखालून जाते, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. जलंबवरून एक फाटा खामगावला. घाटावर रूळच नाही. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्यालाही रेल्वे नाही. खामगाववरून चिखली, देऊळगाव राजा करत जालन्याला जाणारी रेल्वे हवी ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे, सुमारे १६० किलोमीटरचा मार्ग. आपल्या आज्यांनी ऐकलं, आयांनी ऐकलं, आपण ऐकतो आहोत. अशा रेल्वेच्या सर्वेक्षणात प्रवासी किती, माल किती असा अंदाज बांधला जातो. कापूस आणि सोयाबीन किती क्विंटल हे सांगायला व्यापारी आणि पुढारी आहेत. बाया किती, कुठं जाणार, दवाखान्याला, शिक्षणाला, माहेराला, हे कोण सांगणार? निवेदनाच्या गठ्ठ्यात महिला ग्रामसंघाचं पान असायला नको का?

आणि समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पूर्ण मार्ग ५ जून २०२५ ला. आपल्या जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून सुमारे ८७ किलोमीटर जातो. रस्ता मोठा झाला, त्याचा फायदाही आहे. पण त्यावर पायी जाता येत नाही, मोटरसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही. ज्या बाईचं घर अलीकडे आणि वावर पलीकडे, तिच्यासाठी तो रस्ता नाही, भिंत आहे. तिचा रस्ता म्हणजे खालचा बोगदा. बोगदा कुठं हवा, किती उंच हवा, पावसात त्यात पाणी साचेल का, हे ती सगळ्यात चांगलं सांगू शकते. पण ते सांगायची वेळ रस्ता झाल्यावर नसते, आधी असते.

म्हणून लक्षात ठेवा. मोठ्या महामार्गांच्या कामाआधी पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते आणि ती निदान तीस दिवस आधी जाहीर करावी लागते. पंचायतीच्या फलकावर तसा कागद लागला तर वाचून घ्या. सुनावणीला पाच जणी जा आणि बोललेलं लिहून घ्यायला लावा. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा जिल्हा नियोजन समितीत ठरतो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव आणि सदस्यांत आपण निवडून दिलेली जिल्हा परिषदेची माणसं असतात. तुमच्या गटातून कोण निवडून गेलं आहे, तिला विचारा. गावाचा जोडरस्ता खराब असेल तर आधी तो कुणाचा ते शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. खड्डा एकाचा आणि अर्ज दुसऱ्याला, असं करून आमचे सहा महिने गेले होते.

आता जाता जाता या महिन्याचं काम. येत्या बैठकीत एक वही काढा. पंधरा दिवस घरातल्या प्रत्येक बाईचा प्रवास लिहा, झालेला आणि राहिलेलाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं पोरीबाळी लिहितील. स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून आणा. मग पुढच्या गावाच्या गटाला निरोप धाडा, कारण गाडी त्यांचीही आहे. त्यांच्याशी भांडण झालं तर होऊ द्या. पारावरचं भांडण परवडतं, ते अर्ज द्यायच्या आधी झालेलं बरं.

आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आम्ही पहिल्यांदा आगारात गेलो तेव्हा नुसत्या रडायला गेलो होतो. दुसऱ्यांदा वही घेऊन गेलो. साहेब तेच होते, खुर्ची तीच होती. फरक एवढाच, की त्यांनी वही जवळ ओढली आणि चष्मा लावला.

तुमच्या गावच्या गाडीची वेळ कोणती आणि तुमची वेळ कोणती, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्या वहीतली पानं वाचू. तोवर सगळ्यांना नमस्कार. आणि हो, उतरण्याआधी तिकीट मागायला विसरू नका.